काळा पाषाण आणि बदलता समाज

सह्याद्रीच्या कुशीतील एखाद्या लेण्याजवळच्या गावात जाऊन 'हे कोणी कोरले?' असा प्रश्न केला, तर बहुधा एकच उत्तर ऐकू येते. पांडवांनी कोरले, वनवासात असताना, आणि तेही एका रात्रीत. पहाटे कोंबडा आरवला म्हणून काम अर्धवट राहिले, अशी पुस्तीही जोडली जाते. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावरील बौद्ध लेण्यांना तर 'पांडवलेणी' हेच नाव कायमचे चिकटले आहे. काळ्या दगडाचे जुने देऊळ दिसले की ते हेमाडपंताने बांधले, असे सांगितले जाते. वेरूळच्या कैलास लेण्याबाबत पैठणच्या कोकस नावाच्या स्थपतीची कथा प्रचलित आहे. देवळाचा कळस दृष्टीस पडेपर्यंत अन्न घेणार नाही, असे व्रत राणीने धरले. तेव्हा कोकसाने कळसापासूनच काम आरंभिले आणि राणीचा प्राण वाचविला.

या कथा रम्य आहेत आणि त्यांतील एखादी अगदीच निराधारही नाही, हे पुढे दिसून येईल. परंतु भव्य कृतीमागे एखादा अलौकिक पुरुष उभा केला की प्रत्यक्ष घडविणारी माणसे नजरेआड होतात, हा त्यांचा दोष होय. ही माणसे अनामिक मुळीच नाहीत. ज्यांनी द्रव्य दिले आणि ज्यांनी छिन्नी चालविली, त्यांच्यापैकी अनेकांची नावे लेण्यांच्या भिंतींवर व खांबांवर प्राकृत भाषेत, ब्राह्मी अक्षरांत कोरलेली आहेत. मधल्या शतकांत ती लिपी वाचणारे कोणी उरले नव्हते, इतकेच. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचा उलगडा केला आणि पुढील काही दशकांत सह्याद्रीतील या मूक अक्षरांना वाचा फुटली. त्यांतून जे चित्र उभे राहिले, ते पांडवांच्या कथेपेक्षा निराळे आणि अधिक मनोज्ञ आहे. दख्खनच्या कलेची शैली कोणा एकाच्या प्रतिभेतून अवतरलेली नाही. येथील दगड, पाऊस, घाटवाटा आणि त्या त्या काळी द्रव्य ज्यांच्या हाती होते तो समाजवर्ग, यांनी मिळून ती घडविली आहे.

पायऱ्यापायऱ्यांचा खडक

प्रारंभ दगडापासूनच करावयास हवा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वारंवार उसळलेल्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार निर्माण झाले. हा अग्निजन्य खडक म्हणजे बेसाल्ट. आपण त्याला साधा काळा दगड म्हणतो. थर आडवे असल्यामुळे सह्याद्रीचे कडे दुरून पायऱ्यापायऱ्यांसारखे दिसतात. सगळे थर मात्र एकसारखे नाहीत. काही घट्ट आणि एकजिनसी असतात, तर काही सच्छिद्र व ठिसूळ. लेणे कोरावयाचे तर घट्ट आणि पुरेशा जाडीचा थर हेरावा लागे. ही निवड चुकली म्हणजे काय होते, ते छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पितळखोऱ्यास गेल्यावर समजते. तेथील खडक कमकुवत असल्याने दर्शनी भागाचा मोठा अंश कोसळून गेला आहे.

बेसाल्ट कठीण असतो, पण एकजिनसी थरात तो मोठे पोकळ दालन पेलून धरतो. आडव्या थरामुळे सपाट छत आणि सपाट जमीन साधणे सुकर होते. सूक्ष्म नक्षीकामाला मात्र तो वाळूच्या दगडासारखा सहजासहजी वश होत नाही. मध्य प्रदेशातील सांचीच्या तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी कोरीव काम केल्याचा लेख आहे. तेथील मऊ वाळूच्या दगडात हस्तिदंतावरची नाजूक कलाकुसर उतरविता आली. भाजे-कार्ल्याच्या शिल्पकाराने तो हव्यास धरला नाही. त्याने मोठे आकार, भरदार अंगकांती आणि खोल छायाप्रकाश यांवर भिस्त ठेवली. ही केवळ अभिरुचीची बाब नव्हती. हातातल्या दगडानेच त्याला त्या वाटेवर नेले होते.

मात्र दगड होता म्हणून लेणी झाली, असे म्हणणे अपुरे ठरेल. दख्खनचा खडक कोट्यवधी वर्षे तसाच पडून होता. त्याला हात लागला तो इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास. त्याआधी इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात बिहारमधील बराबर टेकडीत सम्राट अशोकाने आजीवक साधूंसाठी ग्रॅनाइटमध्ये गुंफा कोरविल्या होत्या, म्हणजे कल्पना ठाऊक होती. ती येथे इतकी फोफावली की भारतातील कोरीव लेण्यांपैकी बहुसंख्य आज एकट्या महाराष्ट्रात आढळतात. त्याला येथील पाऊस आणि येथील वाटा या दोन गोष्टी कारण झाल्या.

पाऊस आणि घाटवाटा

बौद्ध भिक्षूने सतत फिरत राहावे, पण पावसाळ्यात एके ठिकाणी वास्तव्य करावे, असा संघाचा दंडक होता. याला वर्षावास म्हणतात. गंगेच्या मैदानात विटा-लाकडाचे विहार पुरे पडत. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणाऱ्या पावसात अशा बांधकामाची दर साल डागडुजी करावी लागली असती. डोंगराच्या पोटातील खोली मात्र कायमची, उन्हाळ्यात थंड आणि पावसात कोरडी. पावसाळ्यानंतरचे आठ महिने पाण्याची वानवा भासू नये म्हणून प्रत्येक विहाराजवळ खडकातच टाके खोदलेले असते. शिलालेखांत अशा टाक्याला 'पोढी' म्हटले आहे आणि राहण्याच्या जागेला 'लेण'. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो शब्द 'लेणे' या रूपाने मराठीत अजून जिवंत आहे. मुंबईच्या सीमेतील कान्हेरीला शंभरांहून अधिक लेणी असून डोंगरभर पसरलेले तेथील पाट आणि टाकी पाहिली, तर एवढी मोठी वस्ती त्या खडकावर कशी तगून राहिली, हे कळून येते.

लेण्यांच्या जागा नकाशावर मांडल्या तर त्या विखुरलेल्या दिसत नाहीत. सोपारा, कल्याण, चौल ही कोकणातील बंदरे आणि पैठण, तेर, जुन्नर, नाशिक ही देशावरील नगरे यांना जोडणाऱ्या घाटवाटांच्या कडेने त्या ओळीने लागतात. बोरघाटाच्या परिसरात कोंडाणे, भाजे, बेडसे आणि कार्ले आहेत. नाणेघाट चढून आले की जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत लेण्यांचे अनेक समूह भेटतात. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात पैठण व तेर या पेठांमधून गोमेदासारखे दगड आणि सुती कापड बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. बैलांचे तांडे ज्या वाटेने जात, त्याच वाटेवर भिक्षू राहत. व्यापाऱ्याला आसरा आणि धीर मिळे, संघाला दान मिळे. त्या दानातून लेणे उभे राही.

लाकडाची आठवण

मळवली स्थानकाजवळ भाज्याचे चैत्यगृह आहे. काळ इसवी सनपूर्व दुसरे शतक. या दालनातील खांब सरळ उभे नाहीत, ते आतल्या बाजूस झुकलेले आहेत. दगडात कोरलेल्या खांबाला झुकण्याचे काहीच कारण नसते, कारण छत त्याच्यावर रचलेले नाही. ते डोंगराचाच भाग आहे. लाकडी इमारतीत मात्र कमानदार छताचा दाब बाहेर ढकलत असतो आणि तो पेलण्यासाठी खांब आत कलते ठेवावे लागतात. भाज्याच्या कारागिराला ही सवय मोडता आली नाही, किंवा मोडावीशी वाटली नसावी. त्याने दगडी छताला खऱ्या लाकडाच्या वक्र फासळ्याही बसविल्या. त्या काहीही पेलत नाहीत. तशाच लाकडी कमानी कार्ल्यालाही आहेत आणि सुमारे दोन हजार वर्षांनंतर आजही त्या जागच्या जागी दिसतात. भाज्याच्या फासळ्यांवर तर ब्राह्मी अक्षरेही आढळली आहेत.

समाज नवे माध्यम हाती घेतो तेव्हा जुनी भाषा लगेच टाकून देत नाही, याचे इतके उघड उदाहरण विरळा. ज्यांना हे नवे काम सांगितले गेले, ते मुळात दगडाचे कारागीर होते का, हाच प्रश्न आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारावरील लेखात ते दार धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केल्याचे म्हटले आहे. पितळखोऱ्यास सापडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर ती कान्हदास या सोनाराने घडविल्याचे कोरले आहे. यक्षाच्या अंगावरील दागिन्यांची ठसठशीत घडण पाहताना सोनाराचा हात ओळखू येतो. गावोगावचे सुतार आणि सोनार डोंगरावर चढले व आपापल्या धंद्याची हत्यारे, मापे आणि डोळे बरोबर घेऊन गेले, तेव्हा दख्खनची पहिली शैली जन्मास आली. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरची पिंपळपानासारखी भव्य कमान, सज्जांचे कठडे, जाळ्या हे सारे मूळचे लाकूडकाम आहे. कार्ल्याच्या खांबांचे तळ घटाच्या आकाराचे आहेत. लाकडी खांब वाळवीपासून जपण्यासाठी मातीच्या घटात उभा करण्याची रीत होती, तिचीच ही स्मृती असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे.

खांबाखांबावर नाव

कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर उंच आहे. ते वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने पूर्णतेस नेले, असे तेथील लेख सांगतो. सगळ्या जंबुद्वीपात याला तोड नाही, असा सार्थ अभिमानही त्यात व्यक्त झाला आहे. परंतु हे एकट्या भूतपालाचे काम नव्हे. आतील खांब पाहत गेले तर खांबाखांबावर निराळे नाव लागते. कित्येक दाते धेनुकाकटचे यवन, म्हणजे पश्चिमेकडून येऊन येथे रुळलेले परदेशी आहेत. दाराच्या खर्चाचा वाटा सिंहदत्त नावाच्या गंध्याने, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने उचलला. भिक्षुणींचीही नावे आहेत. ज्याची जेवढी ऐपत, तेवढा त्याचा दगड.

जुन्नरच्या लेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दान दिल्याचा उल्लेख येतो. बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचेही लेख तेथे आहेत. नाशिकच्या दहाव्या लेण्यातील नोंद तर बँकेच्या खतावणीत शोभावी अशी आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ३००० कार्षापणांची ठेव विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. २००० दरमहा शेकडा एक या दराने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल कधीही परत घ्यावयाचे नाही. व्याजातून वर्षावासासाठी राहणाऱ्या २० भिक्षूंपैकी प्रत्येकास वस्त्रासाठी १२ कार्षापण द्यावयाचे. विणकरांच्या धंद्याला भांडवल मिळाले आणि भिक्षूंना वस्त्र मिळाले. असा व्यवहार जेथे विश्वासाने चालतो, त्या समाजाची कला आत्मविश्वासाने भरलेली असणार, हे ओघानेच आले. कार्ल्याच्या ओसरीतील स्त्री-पुरुषांच्या जोड्या पाहाव्यात. भरघोस पागोटी, जाड कडी-तोडे, रुंद खांदे, संकोचाचा लवलेश नाही. कान्हेरीच्या चैत्यगृहातही अशाच जोड्या आहेत आणि ते चैत्यगृह गजसेन व गजमित्र या व्यापारी बंधूंनी करविले.

राजसत्तेतील चढाओढही शैलीत उमटते. नहपानाचा पराभव गौतमीपुत्र सातकर्णीने केला. त्याची आई गौतमी बलश्री हिने नंतर नाशिकलाच तिसरे लेणे दान दिले, ते उषवदाताच्या लेण्याचा नमुना समोर ठेवून, पण दाराभोवती अधिक कोरीव काम करून. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाची १३,००० हून अधिक नाणी सापडली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. लेण्याच्या बाबतीत घडले तेही बरेचसे असेच.

अजिंठा: अमात्यांचे आणि राजांचे लेणे

अजिंठ्याच्या वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर नववे, दहावे अशी काही लेणी सातवाहनकालीन आहेत. त्यानंतर कित्येक पिढ्या तेथे नवे काम जवळजवळ झालेच नाही. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाकाटक सम्राट हरिषेणाच्या कारकिर्दीत मात्र एकाएकी डोंगर गजबजला. या वेळचे दाते निराळे होते. सोळावे लेणे हरिषेणाचा अमात्य वराहदेव याने करविले. सतरावे एका मांडलिक राजाने दिले. धाकट्या भावाच्या मृत्यूच्या दुःखाचा उल्लेख त्या लेखात येतो. सव्विसावे लेणे बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने अश्मक राजाचा अमात्य असलेल्या भव्विराज या मित्राच्या स्मरणार्थ कोरविले.

एकेका खांबाचा दाता गेला आणि संपूर्ण लेण्याचा दाता आला. शैली बदलली ती येथे. सारे लेणे एका मनोदयाने रेखले जाऊ लागले. खांबांवर वेलबुट्टी आली, भिंती चित्रांनी भरल्या. विषय जातककथांचे असले तरी प्रसंग घडतात ते राजवाड्यात. सडपातळ खांबांचे मंडप, पडदे, दासी, चवऱ्या, मिरवणुका, हत्ती. चित्रकाराच्या आश्रयदात्याला जे जग परिचयाचे होते, त्याच जगात बोधिसत्त्वाने जन्म घेतला. दुसऱ्या लेण्यात शिडांचे गलबत रंगविले आहे आणि पहिल्या लेण्याच्या छतावर इराणी पेहरावातील माणसे आहेत. समुद्रापासून इतक्या दूरच्या दरीत बसलेल्या चित्रकाराला हे ठाऊक होते, कारण वाटा अजून वाहत्या होत्या.

साहित्य मात्र बहुतांशी आसपासचेच होते. मातीत तूस आणि वनस्पतींचे धागे कालवून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, मग गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि पांढरा. भडक निळा तेवढा परका. तो देणारा लाजवर्द हा दगड अफगाणिस्तानाकडून येई आणि नंतरच्या काळातील चित्रांत तो उठून दिसतो. ज्या परिसराने गिलावा दिला, त्यानेच पुढे त्याचा घासही घेतला, हेही नमूद करावयास हवे. गिलाव्यातील सेंद्रिय अंशावर कीड पोसली आणि चित्रे झडली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे धागे मिसळलेले आढळले. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत आणि किडीचा उपद्रव वेरूळला कमी होण्याचे तेच एक कारण असावे, असे त्या अभ्यासकांनी सुचविले आहे.

नंतर काम थांबले. हरिषेणाच्या मृत्यूनंतर वाकाटकांचे राज्य झपाट्याने कोसळले. वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाच्या मते अजिंठ्याचे हे दुसरे पर्व अवघ्या दोन दशकांत घडले आणि संपले. हा अवधी सर्वांना मान्य नाही. काम मध्येच तुटले, याविषयी मात्र लेणीच साक्ष देतात. चोविसावे लेणे पूर्ण झाले असते तर अजिंठ्यातील सर्वांत मोठ्या विहारांपैकी एक झाले असते. तेथे छताच्या बाजूने दगड फोडत खाली येणारे कारागीर कोठवर पोहोचले होते ते खुणेनिशी दिसते. काही खांबांना आकार आला आहे, काही नुसते ठोकळे आहेत, आत तर खडकच उभा आहे. पांडवकथेतील कोंबडा येथे खरोखर आरवला, पण तो राजधानीत. पगार देणारा हात थांबल्यावर शेकडो पाथरवट आणि चितारी दरी सोडून निघून गेले असले पाहिजेत. त्यानंतरची खूण लहान आहे. ठरलेल्या आराखड्याची पर्वा न करता, मिळेल त्या मोकळ्या भिंतीवर लहान लहान बुद्धमूर्ती कोरलेल्या दिसतात. मोठे दाते गेल्यावर पुन्हा ऐपतीप्रमाणे दान देणारी माणसे पुढे आली, इतके त्यावरून दिसते. मात्र तेवढ्या बळावर चोविसावे लेणे पुरे होणे शक्य नव्हते.

कळसापासून आरंभ

वेरूळला ३४ लेणी असून त्यांत १२ बौद्ध, १७ हिंदू आणि ५ जैन आहेत. सहाव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान ही एकाच डोंगराच्या कडेने कोरली गेली. कलचुरी काळातील रामेश्वर लेणे आणि दुमार लेणे यांची थोरवी मोठी आहे. परंतु बदललेल्या समाजरचनेचा ठसा पाहावयाचा तर सोळाव्या लेण्यापाशी, म्हणजे कैलासापाशीच थांबावे लागते.

आठव्या शतकात राष्ट्रकूटांनी बदामीच्या चालुक्यांची सत्ता उलथून टाकली. कृष्ण पहिला (सुमारे ७५६ ते ७७३) हा या लेण्याचा कर्ता मानला जातो. रोमशी चालणारा जुना व्यापार आता उरला नव्हता. श्रेणींच्या ठेवींची जागा जमिनीच्या महसुलाने आणि दानपत्रांनी घेतली होती. खर्च करणारा राजा होता, आणि त्याला भिक्षूंसाठी खोल्या नको होत्या. त्याला आपल्या सामर्थ्याची साक्ष देणारे देवालय हवे होते. त्यामुळे डोंगरात आत शिरण्याची हजार वर्षांची रीत येथे उलटी झाली. वरून तीन बाजूंनी चर खणून सुमारे ८४ मीटर लांब व ४७ मीटर रुंद असे प्रांगण मोकळे केले गेले आणि मधल्या अखंड शिळेतून मंदिर बाहेर काढले गेले. मागील कडा ३० मीटरहून अधिक उंच आहे. उपसलेला दगड २ लाख टनांच्या घरात असावा. असे काम वरून खालीच होऊ शकते. कोकसाच्या कथेतील राणीचे व्रत इतिहासाला ठाऊक नाही, पण कळसापासून आरंभ झाला, ही कथेतील गोष्ट अगदी खरी आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ती ध्यानात ठेवली, हे लोकस्मृतीला भूषणावह होय.

मंदिराचे रूप मात्र मराठी मुलखातले नाही. ते द्राविड धाटणीचे असून कर्नाटकातील पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी त्याचे निकटचे साम्य आहे. ते मंदिर चालुक्य विक्रमादित्य दुसरा याच्या राणीने पतीच्या कांचीवरील विजयानिमित्त बांधविले होते. चालुक्यांनी कांचीहून आदर्श आणला आणि राष्ट्रकूटांनी चालुक्यांकडून. प्रदेश जिंकला जातो तेव्हा त्यातील कारागीरही नव्या धन्याकडे वळतात. ८१२ सालच्या बडोदे येथील राष्ट्रकूट ताम्रपटात तर असे वर्णन आहे की हे मंदिर पुरे झाल्यावर त्याच्या कर्त्यालाच आपण हे कसे साधले याचा अचंबा वाटला. कैलासावर पांढऱ्या गिलाव्याचे आणि रंगाचे अवशेष अजून दिसतात. 'रंगमहाल' असे त्याला लोक म्हणत आले, ते त्यामुळेच. हिमाच्छादित कैलासाची शुभ्रता काळ्या दगडाला देण्याचा तो यत्न असावा. येथे परिसराचा रंग राजाज्ञेने झाकला गेला.

चुन्याविना देवळे

कैलासानंतर लेणी कोरण्याचा ओघ मंदावला. मंदिरे रचली जाऊ लागली. एकसंध डोंगराची गरज उरली नाही, म्हणून कला घाटातून उतरून गावागावांत गेली. १०६० सालचे अंबरनाथ येथील शिलाहारांचे शिवमंदिर आणि सिन्नरचे यादवकालीन गोंदेश्वर ही त्यातील श्रेष्ठ उदाहरणे. त्याच काळ्या बेसाल्टचे घडीव चिरे, चुना न वापरता एकमेकांत खाचा-खुंट्यांनी बसविलेले. वजनानेच इमारत उभी. तारकाकृती तळ, शिखरावर एकावर एक चढणाऱ्या लघुशिखरांच्या रांगा. जेथे पाऊस कमी, त्या देशावरील गावांत देवळाशेजारी त्याच हातांनी दगडी बारवाही बांधल्या. अनेक ठिकाणी देऊळ पडले, पण बारव शाबूत राहिली.

या साऱ्या बांधकामाला 'हेमाडपंती' म्हणण्याचा प्रघात आहे. हेमाद्री हा यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांच्या दरबारी, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीकरणाधिप होता. अंबरनाथ त्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचे. शैलीला एखादे नाव असावे, त्यास हरकत नाही. परंतु ज्या असंख्य पाथरवटांनी ही रचनापद्धती पिढ्यांमागून पिढ्या सिद्ध केली, त्यांचे श्रेय एका विद्वान मंत्र्याच्या पदरात पडले आहे. सातवाहनकाळातील सुतार निदान आपले नाव दारावर कोरून गेला. यादवकाळातील पाथरवटाला एवढी संधी क्वचितच मिळाली. दान देणाऱ्याची आणि काम करणाऱ्याची समाजातील अंतरे वाढली होती, हेच यातून दिसून येते.

चौदाव्या शतकाच्या प्रारंभी यादवांची सत्ता गेली. कमान, घुमट आणि चुना यांचे तंत्र येथे रुजले. पुढे मराठा अमदानीत जी देवळे उभी राहिली, त्यांनी ते आपलेसे केले. महिरपी, विटांची शिखरे आणि अंगणात दीपमाळ. याचे एक उदाहरण पाहण्यासाठी फार लांब जावयास नको. कैलासाला येणारा बहुतेक प्रत्येक प्रवासी दीड-दोन किलोमीटरवरील घृष्णेश्वरालाही जातो. सोळाव्या-सतराव्या शतकांत मालोजी भोसले यांनी आणि अठराव्या शतकात होळकर घराण्यातील स्त्रियांनी या मंदिराचा जीर्णोद्धार केला. खालचा भाग तांबड्या दगडाचा, वर विटा आणि चुनेगच्चीचे शिखर. डोंगर तोच, देव तोच शिव. दहा शतकांपूर्वी तेथे राजाने कड्याच्या पोटातून देऊळ कोरून काढले. नंतरच्या समाजाने त्याच गावात ते पायापासून रचीत वर नेले.